उर्दूतली तालीम

बोरवाडीच्या अमृतरावांच्या अंगावर मांस असं कुठं असेल तर ते कानाच्या पाळ्यांना, असं त्यांची बायको कस्तुराबाई सांगायची, आणि त्यात तिनं पदरचं फारसं काही घातलेलं नव्हतं. धोतर नेसले की कमरेला आणखी एक वेढा द्यावा लागायचा. जोराचा वारा सुटला की ते भिंतीच्या कडेकडेनं चालायचे. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला साधी ढुशी मारलेली नव्हती. असा हा माणूस साठी उलटल्यावर एके दिवशी गावाच्या तालमीचा वस्ताद झाला, डोक्याला फेटा बांधून जत्रेच्या फडात मानाच्या जागी बसायच्या गोष्टी करायला लागला, आणि हे सगळं झालं ते एका शब्दापायी.

अमृतराव शिकले ते निजामाच्या राजवटीत, कंधारच्या उर्दू शाळेत. पुढं तिथल्याच तहसिलीत कारकुनी केली. राजवट गेली, निजाम गेला, कागदोपत्री मराठी आली, पण अमृतरावांच्या जिभेवरून उर्दू काही उतरली नाही. घरात मीठ संपलं तरी ते ‘नमक’ संपलं म्हणायचे. मीठ म्हटलं की त्यांना जेवण अळणी लागतं, असं कस्तुराबाई शेजारणींना सांगायची. गाव त्यांना मुन्शी म्हणायचं. काही आदरानं म्हणायचे, काही तोंडाला पदर लावून म्हणायच्या. अमृतरावांना दोन्ही चालायचं.

ते पेन्शनीत निघून गावी आले आणि थोड्याच काळात लातूर वेगळा जिल्हा झाला. बोरवाडी रात्री झोपली ती उस्मानाबाद जिल्ह्यात आणि सकाळी उठली ती लातूर जिल्ह्यात. ओढ्यापलीकडं नांदेड जिल्हा होता तो तिथंच राहिला, बाजाराला कंधारला जायचं तेही तसंच राहिलं, विहिरीचं पाणीही वीतभर वाढलं नाही. तरी गावात उत्साह मोठा. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, आणि कचेऱ्या म्हणजे शिपाई, चौकीदार, दवाखान्यातल्या आया. जो तो लातूरकडं तोंड करून बसला. मग कुणीतरी तालुक्याहून बातमी आणली की अट आहे: कमीत कमी सातवी पास. आणि सगळी बोरवाडी तिथंच अडकली.

कारण गावात विशीबाविशीची पोरं होती ती सगळी बहात्तरच्या दुष्काळातली. त्या साली आभाळानं तोंड फिरवलं आणि शाळेचा फळा सोडून पोरं सडकेच्या कामावर खडी फोडायला गेली. हातात लेखणी मावायच्या वयात हातोडा आला. दुष्काळ सरला, पाऊस आला, पण शाळेत परत कुणी गेलं नाही. एवढाले घट्टे पडलेल्या हातांनी पाटी कशी धरायची? कुणी चौथीतून सुटलेलं, कुणी पाचवीतून. फार वाईट गोष्ट झाली होती ती, आणि तिचं वाईट कुणाला वाटतही नव्हतं, हे त्याहून वाईट होतं. अमृतरावांना मात्र वाटायचं. दुष्काळात ते कंधारच्या तहसिलीत होते, पण रजेवर गावी आले की कामावरची ती पोरं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

त्यांनी ठरवलं की या पोरांना बाहेरून सातवीच्या परीक्षेला बसवायचं. गावच्या शाळेतल्या गुरुजींना गाठलं, संध्याकाळी शाळा उघडी ठेवायचं कबूल करून घेतलं, आणि पहिल्या दिवशी मारोतीला हाताला धरून नेलं. मारोती म्हणजे इठोबाचा पोरगा, तेवीस वर्षांचा, दारातून आत यायला खांदे तिरके करावे लागतील असा. तो खाली मान घालून वर्गात बसला. तेवढ्यात तिसरीत शिकणारी त्याची भाची खेळता खेळता खिडकीत आली आणि आनंदानं ओरडली, “मामा, तुमी बी पाटी आणली का?” मारोती जो उठला तो ओढ्यापर्यंत थांबला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची पाटी कस्तुराबाईला गोवऱ्यांच्या ढिगाऱ्यात सापडली.

मग अमृतरावांनी दवंडी पिटवली. शाळा हा शब्दच वापरायचा नाही, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. शिक्षणाला त्यांच्या डोक्यात जुना, सवयीचा, भारदस्त शब्द होता. तो त्यांनी कोतवालाला घोकून दिला आणि कोतवाल हलगी बडवत गावभर फिरला: “ऐका हो ऐका! दुष्काळात शाळा सुटलेल्या समद्या पोरांसाठी उद्या सांजच्याला जुन्या गोदामात तालीम सुरू हुनार हो! मुन्शीसाहेब सोता शिकवनार हो!”

उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे काय ते बोरवाडीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या अमृतरावांना, किंवा ठाऊक असेलही, पण त्या दिवशी आठवलं नाही.

गोदाम गावाच्या कडेला होतं. दुष्काळात तिथं अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीची, मिलोची पोती ठेवायचे, नंतर ते ओस पडलं होतं. दुसऱ्या दिवशी दिवस कलताना अमृतराव धुतलेलं धोतर नेसून, एका हातात खडू आणि काखेत फळा घेऊन तिथं पोचले. आत पंधरा-वीस पोरं लंगोट लावून, अंगाला तेल चोपडून उभी होती. मधोमध मारोती शड्डू ठोकत होता आणि पत्रे हादरत होते.

“अरे लेकरांनो,” अमृतराव म्हणाले, “तुमचे कपडे कुठं हायेत?”

“काढून ठेवलेत की वस्ताद,” मारोती अदबीनं म्हणाला आणि वाकून त्यांच्या पाया पडला.

पुढचा खुलासा व्हायला बराच वेळ गेला. अमृतराव फळा दाखवत होते, पोरं त्यांच्या दंडाकडं बघत होती. अखेर प्रकाश पडला तेव्हा बहुतेक पोरं हसत हसत तेलकट अंगानंच घरी गेली; शाळेसाठी लंगोट लावून गेलो होतो हे सांगायची लाज, म्हणून गावात फारसं कुणी बोललं नाही. पाच-सहा जण मात्र रेंगाळली, आणि मारोती कान खाजवत म्हणाला, “काका, शाळा म्हणलं तर आमी येत न्हाई. मरून जाऊ, पर येत न्हाई. तालीम म्हणा, रोज येतो. घरच्यांना सांगता येतंय, तालमीला चाललो म्हणून. त्यात लाज न्हाई.”

अमृतरावांनी काखेतला फळा भिंतीला टेकवला. तहसिलीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला नाव एक आणि काम एक या प्रकाराचं वावडं नव्हतं.

त्या दिवसापासून बोरवाडीला तालीम झाली. पोरांनी गोदामात हौद खणला, तांबडी माती आणून टाकली, तिच्यात हळद आणि ताक मिसळलं. तिथं तांबड्या मातीत कोण कुठल्या आळीचा हे ओळखू यायचं नाही. दारातून दिसेल एवढ्या जागेत आळीपाळीनं दोघांनी जोर मारायचे आणि बाकीच्यांनी आतल्या अंधारात कंदिलापाशी गणित करायचं, अशी पद्धत बसली. पाढे म्हणायचे ते मोठ्यानं. रस्त्यानं जाणारा बैठकांची मोजणी समजून थबकायचा.

“तेरा! सव्वीस! एकोणचाळीस! बावन्न!”

“आयला, उड्या मारत बैठका काढून राहिलेत गड्या,” एक म्हातारा दुसऱ्याला सांगायचा. “आमच्या वक्ताला असं नव्हतं.”

गावचे पाटील आप्पासाहेब कुस्तीचे मोठे शौकीन. त्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते इतके खूश झाले की पैलवानांच्या खुराकाला रोज एक चरवी दूध धाडायला लागले. अमृतरावांना त्यांनी केशरी फेटा पाठवला. दूध पिऊन पोरं व्यवहारी अपूर्णांक सोडवायला लागली. अमृतराव फेटा बांधून गावातून फिरायला लागले, आणि खरं सांगायचं तर त्यांना तो आवडायला लागला. कुणी “राम राम वस्ताद” म्हटलं की त्यांची छाती, जेवढी होती तेवढी, पुढं यायची. एकदा तर त्यांनी परगावच्या पाहुण्याला धोबीपछाड कसा मारावा हे सांगितलं. कस्तुराबाई आतून ऐकत होती. पाहुणा गेल्यावर ती म्हणाली, “आवं वस्ताद, तेवढा वरच्या फळीवरचा डबा काढून द्या की. का कलाजंग टाकावा लागतोय त्याला?”

तालीम अशी झकास चालली असताना तारामती आली.

तारामती ही पारूबाईची एकुलती लेक. पारूबाईचं घर बौद्ध विहाराच्या अंगाला होतं. पोरीचं लग्न लवकर केलं, नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला माहेरी आणून सोडली. तेव्हापासून मायलेकी रोजंदारीनं दिवस काढत होत्या. तारामती चौथी शिकलेली, चोवीस वर्षांची, बोलायला मोजकी पण नेमकी. लातूरच्या सरकारी दवाखान्यात आया भरणार होते, सातवी पास आणि वय पंचवीसच्या आत. म्हणजे हे साल गेलं की तिच्यापुरता नवा जिल्हा झाला काय आणि न झाला काय, सारखंच.

ती सरळ गोदामाच्या दारात येऊन उभी राहिली. “काका, मला बी शिकवा.”

अमृतरावांनी घाईघाईनं तिला बाजूला घेतलं. “हळू बोल माय. इथं तालीम हाय. तालमीत बाईमाणूस कसं येईल?”

“तालीम म्हंजे शिक्षनच न्हवं का? तुमीच बोलला म्हने पोरांला.”

“हाव. पर ते उर्दूत.”

“मग मला उर्दूत घ्या,” तारामती म्हणाली.

अमृतरावांनी डोकं खाजवायला हात वर नेला तर मध्ये फेटा आला. तिला घ्यायचं तर गाव विचारणार, आणि गावानं विचारलं की सगळं उघडं पडणार. पोरं पळणार. आणि फेट्याचं काय होणार, हाही विचार त्यांच्या मनात आला, कबूल केलं पाहिजे. “पुढच्या साली बघू,” ते पुटपुटले.

“पुढच्या साली मी पंचविसाच्या पार असते,” ती म्हणाली, पण गेली नाही. गोदामाच्या पायरीवर पदर खोचून बसली. आतून जे ऐकू येईल ते पाटीवर उतरवायला लागली. दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्या दिवशीही. रस्त्यानं जाणाऱ्या बायका विचारायच्या, “तालमीपाशी काय करून राहिलीस गं?” ती म्हणायची, “शिकून राहिले.” बायकांना वाटायचं, नवऱ्यानं टाकल्यापासून पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय.

आतली पोरं धास्तावली. “वस्ताद, तिला घालवा. उगं बभ्रा होईल.” अमृतराव रोज म्हणायचे, “घालवतो.” रोज दारापर्यंत जायचे, आणि तिनं पाटी पुढं केली की एखादं चुकलेलं गणित दुरुस्त करून परत यायचे. घरी कस्तुराबाई काही बोलायची नाही. नुसती फेट्याकडं बघायची. तिचं बोलणं अमृतरावांना पेलायचं, हे बघणं पेलायचं नाही.

जत्रा जवळ आली तशी आप्पासाहेबांना घाई झाली. एके संध्याकाळी ते चार माणसं घेऊन, मिशांना पीळ देत थेट गोदामात आले. जत्रेत कुणाला उतरवायचं ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. आतल्या पाट्या घाईनं मातीत गेल्या. पोरं लंगोट सावरत उभी राहिली. आप्पासाहेबांचं लक्ष आधी पायरीवर गेलं.

“ही काय करून राहिली इथं?”

सगळ्या पोरांनी अमृतरावांकडं पाहिलं. उत्तर सोपं होतं, जिभेच्या टोकावरच होतं: माती भिजवायला येते. एवढं म्हटलं की भागलं असतं. पारूबाईच्या लेकीनं कुठंतरी पाणी मारायला, झाडायला जावं यात गावाला नवल वाटलंच नसतं. अमृतरावांनी तोंड उघडलं. तारामती उठून उभी राहिली होती. ती विनवत नव्हती, रागानंही बघत नव्हती. हे काय म्हणतात ते ऐकू, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं. आणि तहसिलीत तीस वर्षं नाव एक आणि काम एक करत आलेल्या त्या माणसाची, का कोण जाणे, त्या वेळी जीभच वळली नाही.

“शिकायला येती,” ते म्हणाले. “ही पोरं बी शिकायलाच येतेत, आप्पासाहेब. सातवीला बसवायचंय त्यांना. मला कुस्तीतला एक डाव येत न्हाई. तुमचं दूध पिऊन आम्ही हिशेब केले.”

मग आप्पासाहेबांच्या एका माणसानं मातीत पाय घातला तर पाटी वाजली, आणि जो हशा उसळला तो गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला. आप्पासाहेब हसले नाहीत. त्यांना ते फार लागलं. “वस्ताद म्हणं!” एवढं म्हणून ते निघून गेले. पोरं मागच्या निखळलेल्या फळकुटातून एकेक करून सटकली. अमृतराव मातीत उभे होते. त्यांनी डोक्यावरचा फेटा काढला, नीट घडी घालून खाली ठेवला आणि तारामतीला म्हणाले, “ये. आत बस.”

दुसऱ्या दिवशी ती एकटी आली. हौदाच्या काठावर बसून तिनं सरळव्याज केलं. भिंतीवरून डोकी वर येत होती आणि हसून खाली जात होती. पोरांपैकी कुणी फिरकलं नाही. ती पोरं चावडीच्या कट्ट्यावर बसलेली असायची, आणि येणारा-जाणारा त्यांना विचारायचा, “काय पैलवान, तेरा साते किती?” मारोतीला ते येत होतं, पण तो सांगायचा नाही.

दोन-चार दिवसांनी तारामतीही आली नाही. अमृतराव तिच्या घरी गेले तेव्हा पारूबाई उंबऱ्यातच बसली होती. तिनं त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, “काका, तुमचा मान हाय. पर आता न्हाई धाडणार. समदं गाव म्हणून राहिलं, हिच्यापायी तालीम मोडली, हिच्यापायी पोरं तोंड लपवून बसली. पोरं होती तवर एक होतं. आता ही एकटीच दिसती सगळ्यांच्या डोळ्यांला. आधीच टाकलेली म्हणतेत, आनखी काय काय ऐकून घ्यावं तिनं?” आत चुलीपाशी तारामती पाठमोरी बसली होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

अमृतराव तिथून जे निघाले ते चावडीवर गेले. त्यांना राग आला होता. त्यांचा राग कुणी पाहिलेला नव्हता, आणि त्या संध्याकाळीही कुणाला तो राग वाटला नाही, कारण आवाज चढला की त्यांना खोकला यायचा. दिवस मावळतीला टेकला होता, माणसं रानातून परतत होती, कट्टा भरलेला होता. मधल्या जागेवर आप्पासाहेब घुश्शात बसले होते. “अरे लेकरांनो, चला,” अमृतराव म्हणाले. “तिचं साल चाललं रे. तुम्हाला पुढच्या साली बी बसता येतंय, तिला न्हाई येत. तुम्ही आलात तर तिची आई धाडील.” पोरांनी माना खाली घातल्या. कुणीतरी मागून “वस्ताद, एक डाव टाका की मारोतीवर!” म्हणालं आणि सगळे हसले. अमृतराव पुढं बोलायला गेले तर खोकल्यानं त्यांना घेरलं.

तेव्हा तारामती तिथं आली. मागून पारूबाई तिचा दंड धरून तिला ओढत होती. लेक पुढं आणि माय मागं अशा त्या चावडीपुढं येऊन थांबल्या. तारामतीनं घसा साफ केला आणि जाड, नाकातला, खेकसणारा आवाज काढला. अमृतराव दचकले. तो आवाज त्यांनी ऐकलेला होता. सडकेच्या कामावर दुष्काळात जो मुकादम होता, त्याचा तो हुबेहूब आवाज होता. सकाळी तो दगडांच्या ढिगावर उभा राहून हजेरी घ्यायचा. नाव पुकारलं आणि ओ दिली नाही की त्या दिवसाचं काम गेलं. सगळ्या गावाचे कान तेव्हा त्या आवाजाला टांगलेले असायचे.

“मारोती इठोबा!”

“हजर!” मारोती ओरडला. ओरडला आणि मग त्यानं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

कट्ट्यावर हशा पिकला. तारामती हसली नाही.

“व्यंकटी ग्यानोबा!”

“हजर!”

“निवृत्ती सटवाजी!”

“हजर!”

पोरं एकेक करून ओ देत होती, द्यायची नाही म्हणता देत होती, आणि लोक मांड्यांवर थापा मारून हसत होते. मग तारामतीनं हसणाऱ्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. हजेरी पाठ होती तिला, ज्या क्रमानं तो मुकादम घ्यायचा त्या क्रमानं. “एक डाव टाका” म्हणणाऱ्याचं नाव आलं आणि त्याच्या तोंडून “हजर” निघून गेलं. कोतवालाचं आलं. रस्त्यानं कोंडाबाई पाण्याची घागर घेऊन चालली होती, तिचं नाव आलं तशी ती घागरीसकट थांबली. “हजर गं माय,” ती म्हणाली, “लई दिसांनी पुकारलं.” आता हसू वेगळं होत चाललं होतं. कुणी शेजाऱ्याला म्हणत होतं, तू माझ्या डाव्या हाताला बसायचास. कुणी मिलोच्या लाल भाकरीची चव काढली.

“आप्पासाहेब किशनराव!”

सगळ्या माना आप्पासाहेबांकडं वळल्या. त्या साली पाटलांच्या विहिरीनंही तळ दाखवला होता, आणि पाटील तोंडाला उपरणं गुंडाळून रांगेच्या अगदी शेवटी बसायचे. सगळ्यांना माहीत होतं. दहा वर्षांत कुणी त्याचा उच्चार केला नव्हता. आप्पासाहेब समोर बघत राहिले. त्यांनी मिशीवर हात नेला आणि तसाच खाली घेतला.

“हजर,” ते म्हणाले. “बोटं सोलून निघाली व्हती माझी. सवय नव्हती. ह्या मारोत्यानं मला हातोडा कसा धरायचा ते दाखवलं. एवढंसं होतं पोरगं.”

“तवा कुनी कुनाला हासलं न्हाई,” तारामती म्हणाली. आता तिचा स्वतःचा आवाज आला होता. “समदं गाव एका वळीत बसून दगडं फोडत होतं. लाज वाटली न्हाई. आता वळीत बसून शिकायचं म्हनलं तर तोंडं लपवायची?”

आधी मारोती उठला. शर्ट झटकला, गावासमोरून, मधल्या रस्त्यानं, गोदामाकडं चालायला लागला. त्याच्या मागं व्यंकटी. मग बाकीची. कस्तुराबाई आपल्या दारात उभी होती. तिनं गोवऱ्यांतून काढून ठेवलेली पाटी जाता जाता मारोतीच्या हातात दिली आणि त्यानं ती सगळ्यांना दिसेल अशी धरली.

तारामती अजून तिथंच होती. पारूबाईनं तिचा दंड सोडला नव्हता.

“तुझं नाव न्हाई घेतलंस,” अमृतराव म्हणाले.

“माझं नव्हतंच हजेरीला,” ती म्हणाली. “पोरांला मिशा नसल्या तरी अठराचं करून घेतलं त्यांनी. आमा पोरींला आईच्या नावावर ठेवलं. आईचं नाव पुकारायचे, तिच्या पाठीमागं मी दगडं फोडायची. माझं नाव कवा पुकारलंच न्हाई कुनी.”

अमृतराव खोकला आवरून ताठ उभे राहिले. त्यांचं मन भरून आलं होतं आणि ते लपवायच्या फंदात ते पडले नाहीत. मुकादमासारखा आवाज त्यांना काढता येणार नव्हता. कारकुनाचा बारीक आवाज होता तोच त्यांनी जेवढा वर नेता येईल तेवढा नेला.

“तारामती पारूबाई!”

तिनं आईकडं पाहिलं. पारूबाईचे ओठ हलत होते. तिनं लेकीच्या दंडावरचा हात काढला.

“दे की गं ओ,” पारूबाई म्हणाली. “तुलाच पुकारलं.”

“हजर,” तारामती म्हणाली.

“मग जा आता,” पारूबाई म्हणाली. “पोरं पुढं गेली.”

उन्हाळ्यात सगळी तालुक्याला जाऊन परीक्षेला बसली. निकाल लागला तेव्हा तारामती पास झालेली होती. पावसाळ्यात ती लातूरच्या दवाखान्यात लागली आणि पुढं आईलाही घेऊन गेली. मारोती गणितात गेला. चावडीवर येऊन ही बातमी त्यानं स्वतःच दिली, तीही उभं राहून, आवाज न चोरता. “नापास झालो. पुन्हा बसनार हाय.” कट्टा हसला. हसायचंच ते गाव होतं. पण या खेपेला सगळ्यात मोठ्यानं मारोती हसत होता.